टाचलेली चिठ्ठी

एकेकाळी अमेरिकेतली ही काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा सरकार, जिथे वेड्यांना ठेवायची आणि निराधारांना शेतात राबवायची, तिथे आता म्युझियम होतं. नातीच्या प्रोजेक्टसाठी मुलाने कुमुदताईंनाही गाडीत घातलं होतं. काचेमागे कुणा म्हातारीच्या जुन्या शालीला चिठ्ठी टाचलेली होती. नात शेजारची पाटी वाचून म्हणाली, "आजी, हिला इंग्लिश येत नव्हतं. चिठ्ठीवर मुलाचा ॲड्रेस आहे. तो 'आलोच' म्हणून गेला, तो परत आलाच नाही. ती थर्टी इयर्स इथेच होती." कुमुदताईंचा हात आपल्या स्वेटरकडे गेला. परवा त्या घरचा रस्ता चुकल्या, तेव्हापासून मुलगा त्यांच्याही स्वेटरला सेफ्टीपिनने आपल्या फोननंबरची चिठ्ठी लावत होता. बाहेर बर्फ पडू लागला. "आई, तू इथेच बस," मुलगा म्हणाला, "गाडी घेऊन आलोच." तो वळायच्या आत कुमुदताईंनी स्वेटरची पिन काढली. चिठ्ठी खाली पडली. त्यांनी आपला पदर त्याच्या जॅकेटला घट्ट टाचून टाकला.