पाचच्या आत

"पाच वाजले की कॉम्प्युटर यादी आपोआप बंद करतो. मग माझ्या हातात काही नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "एक मुलगी यायची राहिलीय. तोवर बसा."

कारखान्यात टर्नर असलेला तो बाप कॉरिडॉरच्या वळणाअलीकडच्या बाकावर लेकीशेजारी येऊन बसला. इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर वर्गात फीमाफीची जागा एकच. त्या जागेवर ही कोण कुठली मुलगी, आणि वेटिंग लिस्टवर पहिली त्याची चिमी. पदरचे पैसे भरून शिकवायचं म्हटलं तर त्याचा चार वर्षांचा पगार लागला असता. म्हणजे विषयच संपला.

"ती आली नाही की जागा आपली," तो म्हणाला.

"बाबा, कुणाचं वाईट चिंतू नये."

"चिंततोय कुठे? नुसतं घड्याळ बघतोय."

"मघापासून पन्नास वेळा बघितलंत. लाजून बंद पडेल ते."

त्याला हसू आलं नाही. तीस वर्षं लेथवर काढली, पण मापात सुताचा फरक कधी पडू दिला नाही या माणसानं. इथे मात्र सगळंच दुसऱ्याच्या हातात.

पावणेपाचला चिमी पाणी आणायला गेली. तेवढ्यात हेल्मेट घातलेली एक मुलगी धावतच आली. हातात एकच कागद.

"काका, प्रवेशाची खिडकी कुठे आहे हो? पाचच्या आत पोचायचंय."

म्हणजे हीच ती. खिडकी दहा पावलांवर, वळणापलीकडेच होती.

"तिसरा मजला," तो म्हणाला. "टोकाची खोली. पलीकडच्या जिन्यानं जा."

"थँक्यू काका, देवासारखे भेटलात!"

चिमी पाणी घेऊन आली. त्यानं ते तसंच बाकावर ठेवलं. स्वतःची शरम वाटत होती, आणि तरी डोळे काट्यावरून हलत नव्हते.

पाच वाजले. तो लेकीचा हात धरून जवळजवळ पळतच खिडकीशी गेला.

"आली नाही ना ती? मग आता आमचा नंबर!"

बाईंनी चष्मा काढला. "नाही हो. तिनं प्रवेश मागच्याच आठवड्यात घेतलाय. आज सकाळी तिचा फोन आला, दुसरीकडे नंबर लागलाय, ही जागा सोडते म्हणून. जागा सोडल्याचा सहीचा कागद तेवढा पाचच्या आत हवा होता, मग तुमचाच नंबर होता. तुम्हाला उगाच आशा नको म्हणून बोलले नाही. आता यादी आहे तशीच कायम, जागा तिच्याच नावावर."

जिन्यावर पावलं वाजली. हेल्मेट काखेत मारून ती मुलगी धापा टाकत खिडकीशी आली. कागद घामानं ओला झाला होता.

"काका," ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर तर कुलूप आहे."