न चाखलेला रस्सा

अरुंधतीनं पदर नाकाशी धरला आणि फ्रीजमधलं पुडकं उघडलं. डुकराच्या बरगड्या. आदल्या संध्याकाळी मनीषनं महूहून आणल्या होत्या, तिच्याच सांगण्यावरून. राहू दे, तुला जमणार नाही, असं तो परत परत म्हणाला होता. तिनं नवऱ्याचं ऐकलं नाही.

जन्मात तिनं अंड्यालाही हात लावला नव्हता. तिचे आजोबा मास्तरकी करायला इंदूरला आलेले. माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद. सासर होळकरांच्या फौजेतल्या शिपायांचं. पण ती सून होऊन आली, त्या दिवसापासून तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, घरात मटण शिजवणं बंद केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या.

मग आबा ज्या गिरणीत कामाला होते, तिला कुलूप लागलं. तरी आबा रोज सकाळी फाटकापाशी जाऊन उभे राहत आणि उन्हं उतरल्यावर परत येत. आधी बोलणं थांबलं, मग जेवण. अर्धी पोळी, थोडं वरण, बस. अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबायला लागला. दुखणं काही नाही, यांनी खाल्लं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. आईच्या हातच्या बरगड्या आबा बोटं चाटत खायचे, हे मनीष एकदा सहज बोलून गेला होता. ते अरुंधतीच्या डोक्यात बसलं.

तिच्या भावानं, जयेशनं, सिंगापूरहून एक विजेचं भांडं आणलं होतं. सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत मंद आचेवर शिजत राहतं. त्यानं दिलं होतं राजम्यासाठी. तिनं त्यात बरगड्या रचल्या. भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, लाल मिरची; मनीषनं आठवून आठवून सांगितलेला मसाला. मीठ घाबरत घाबरत, अंदाजानं. चाखून बघायला चमचा ओठांपर्यंत नेला, आणि तसाच खाली ठेवला.

आबा आले ते दारातच थांबले. वास बाहेरच्या ओट्यापर्यंत पोचला होता. त्यांचा चेहरा कडक झाला.

"हे तुला मनीषनं करायला लावलं?"

"नाही, आबा. तुम्ही जेवत नाही ना."

त्यांनी हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. मांस हाडावरून आपसूक सुटत होतं. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचा हात थांबला. डोळे भरून आले.  बिघडलं का, अरुंधतीनं हळूच विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दुसरा घास घेतला, मग तिसरा. मग भाकरी मागून घेतली. किती दिवसांनी या घरात त्यांनी काही मागितलं होतं.

"बिलकुल तुझ्या सासूच्या हातचं आहे," ते म्हणाले. "मीठ कमी."

ती मीठ आणायला उठली, तर त्यांनी हातानं खूण करून बसवलं. आणि मग, गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदाच, ते नीट बोलायला लागले. त्यांची बायको इंदुमती माळकरी घरातली होती. सगळे जेवून उठले की मग ती जेवायला बसायची, चटणी-भाकर खायची. मनीषला कधी कळलंसुद्धा नाही. जन्मभर तिनं बरगड्या शिजवल्या, तोंडात मात्र एकदाही घातल्या नाहीत.

अरुंधतीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"मग मीठ कमी पडतं, हे तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही?"

आबांनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं.

"कसं सांगणार, बेटा? सांगितलं असतं, तर पुढच्या खेपेला तिला चाखून बघावं लागलं असतं."