एनिडचा हट्ट

"भरणार नाही म्हणजे नाही," एनिड म्हणाली आणि पुन्हा केसांना रोलर लावू लागली.

ग्लेनिसने कपाळाला हात लावला. टीव्ही बघायला लागणारा सरकारी परवाना काढला नाही म्हणून दंड झाला, दंड भरला नाही म्हणून उद्या कोर्ट, आणि ही बया तिथे जायला केस कुरळे करत बसली होती!

"अगं, तुरुंगात टाकतील. त्या शेजारच्या डॉटला अशाच दंडापायी टाकलंच ना?"

"सात दिवस. आली की परत धडधाकट."

"डॉट तिशीतली आहे. तुझी साठी उलटली, गुडघे कुरकुरतात."

"बायकांचा तुरुंग काही वाईट नाही. दोनदा बस बदलावी लागते एवढंच."

"तुला गं काय माहीत?"

"डॉट म्हणाली."

इंग्लंडातल्या ग्रिम्स्बीच्या मासळी कारखान्यात दोघींनी शेजारी उभं राहून उभा जन्म मासे कापले होते. एनिडचा स्वभाव ग्लेनिसला नवीन नव्हता. नवरा गेला तेव्हाही तिने कुणाची पै घेतली नव्हती. एकुलती एक मुलगी जनीन स्पेनला हॉटेलात कामाला. तिला कळव म्हटलं, तर एनिडने विषयच बदलला.

मानी माणसाचं असंच असतं. पैसे नाहीत म्हणायची लाज, मग तोंड वर करून 'भरणार नाही' म्हणायचं. ग्लेनिसला तिची फार कणव आली.

संध्याकाळी बिंगो हॉलमध्ये मुरंब्याची रिकामी बरणी फिरली. "टीव्हीवर बघण्यासारखं असतं तरी काय, कोण जाणे," म्हणत म्हणत बायकांनी पैसे टाकले. उरलेले ग्लेनिसने नाताळासाठी साठवलेल्यातून घातले. एनिडला मात्र कुणी पत्ता लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी न्यायासनावर तिघं होती. मधल्या चष्मेवाल्या बाई मनाने चांगल्या होत्या.

"हप्ते बांधून देऊ का?"

"नको."

"पैसे नाहीत का तुमच्याकडे?"

"आहेत. देणार नाही."

तिघांनी डोकी एकत्र केली. "मग नाइलाज आहे," बाई जड आवाजात म्हणाल्या, "सात दिवसांची कैद."

एनिडने मान डोलावली आणि पिशवी उचलली. आजीच्या वयाची बाई, टीव्हीपायी तुरुंगात! ग्लेनिस ताडकन उठली.

"थांबा!" ती ओरडली आणि कारकुनाच्या टेबलावर तिने बरणी उपडी केली.

नाणी मोजून झाली. दंड पुरता भरला. शिक्षा रद्द झाली, आणि मागे बसलेल्या कारखान्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसने एनिडला मिठी मारली, तर ती लाकडासारखी ताठ.

बाहेर आल्यावर एनिड बाकावर मटकन बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"रागावू नकोस गं," ग्लेनिस म्हणाली. "उपकार नाहीत हे. तू माझ्यासाठी केलं नसतंस का?"

एनिडने तिचा हात हातात घेतला.

"तुझा काय दोष? मीच खोटं बोलले. जनीन स्पेनला नाही, त्याच बायकांच्या तुरुंगात आहे. दर महिन्याला मी फाटकापर्यंत जाते, आणि ती आतून सांगते, आईला भेटायचं नाही."