दारात आलेली बंडी

पंचफुलाबाईंच्या घरात दिवसा कोणी निवांत झोपेल तर शपथ. लेक गजू यवतमाळला कापूस टाकून आला आणि सोफ्यावर कलंडला, तशी त्यांनी त्याचा खांदा गदागदा हलवला. "गजू! ओ दे रे!"

"हं," म्हणत तो वैतागून कुशीवर वळला. घटकाभरानं त्या पुन्हा उठल्या.

"झोपू द्या ना आई, थकले हायेत," सून म्हणाली.

पंचफुलाबाई बसल्या. "माहा बाप याच नेर गावातून यवतमाळले कापसाची बैलबंडी न्यायचा. येतानी सारेच बंडीवाले रिकाम्या बंडीत झोपत. बैल बराबर ज्याच्या त्याच्या दारात आणून सोडत."

"कोणी न हाकलता?" सून हसली. "मजाच होती मंग!"

"हो ना. त्या सकायीबी बराबर आणलं त्यायनं. मायनं बैल सोडले, बाच्या अंगावर घोंगडी टाकली अन् आमाले दटावलं, गलका करू नका, थकला हाये, झोपू द्या. दुपारपर्यंत आमी पोरं त्या बंडीच्याच सावलीत खेळलो. हळू आवाजात."

सून हातातली कणीक तशीच ठेवून उठली.

"अहो," तिनं गजूचा खांदा हलवला. "अहो, ओ द्या ना."