हेल्गाची इंजेक्शनं

शालननं हेल्गाला रिक्षात ओढलं, की हेल्गानं शालनला, हे नंतर रिक्षावाल्यालाही सांगता आलं नसतं.

हेल्गा म्हणजे वरच्या खोलीत भाड्यानं उतरलेली परदेशी पोर. तिला ना मराठी ना हिंदी, आणि शालनचं इंग्रजी ‘थँक्यू’पाशी संपायचं. दोघींच्या मधले दुभाषी, म्हणजे शालनचे उमाकांतराव, विम्याच्या कामाला अजमेरला गेलेले.

सकाळी अंगणात मोती मरून पडला होता. शालनच्याच हातचं खाऊन वाढलेलं कुत्रं. त्याला पाहून हेल्गा पांढरीफटक पडली. आधी दातांची खूण केली, मग सुईची.

"चावला? तुला?"

हेल्गानं जोरात मान हलवली. हो म्हणाली की नाही, देव जाणे. जखमही दाखवीना. नको तिथे चावला असेल, लाजत असेल, असं शालनला वाटलं.

खातीपुऱ्याच्या रेल्वे फाटकाशी रिक्षा अडली. हेल्गानं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"घाबरू नकोस गं. पोटात चौदा टोचतात. मतलब, दुखतं, पण जीव तर वाचतो. तुला काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

हेल्गाचे डोळे भरले.

"आणि मोती चावरा नव्हता हो. परवा त्याला गिळवेना, म्हणून मी बोटानं घास सारला, तर दात लागला नुसता. स्वतःच ओशाळला बिचारा. मी हळद लावली, झालं. तू मात्र नळाखाली माझा हात साबणानं घासत बसलीस. राग आला होता मला. आम्ही काय पारोशा हातानं रांधतो?"

दवाखान्यात हेल्गा डॉक्टरांशी इंग्रजीत भराभरा बोलली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पडद्याआडच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

शालननं पदरानं तिचं तोंड पुसलं. "जा बाळ. मी इथेच आहे."

हेल्गा हलेना.

"डर गई है बेचारी," शालन डॉक्टरांना म्हणाली. "जरा हल्के हाथ से देना, डॉक्टरजी."

"इनको क्यों दूँ?" सुई भरता भरता डॉक्टर म्हणाले. "ये तो अपने देश से टीके लगवाकर निकली थीं, और कुत्ते ने इन्हें छुआ तक नहीं. आप लेटिए, बहनजी."