पुढल्या दिवाळीचा फोटो

हवाईच्या मोठ्या बेटाला कॅम्परव्हॅननं चक्कर मारताना श्रीरंग आणि सुनेत्रा चार दिवसांत धड चार वाक्यं बोलले नव्हते. पण गाडी थांबली की पडदा ओढून ती साडी बदलायची, तो शर्ट बदलायचा, आणि कुणा टूरिस्टच्या हाती कॅमेरा देऊन दोघं खेटून उभे राहायचे. काळ्या वाळूत पैठणी, रानात स्वेटर, ज्वालामुखीपाशी जीन्स.

“हनीमून?” फोटो काढून देत एका अमेरिकन आजीनं हसून विचारलं.

ती वळताच सुनेत्रानं खांद्यावरचा त्याचा हात झटकला. “ठेवायला सांगितला होता, दाबायला नाही.”

“डिव्होर्सवर सह्या झाल्यात आपल्या. हे नाटक तुझ्या बाबांसाठी चाललंय,” तो खेकसला. “तीन रोल संपले. या दिवाळीचे, पुढल्या दिवाळीचे, पाडव्याचे. साताऱ्याला दोन वर्षं पाठवत राहा. डॉक्टरांनी त्यांना तेवढीच मुदत दिलीय ना? आता पुरे.”

सुनेत्रानं बॅगेतून आणखी एक साडी काढली.

“शर्ट बदल,” ती म्हणाली. “माझे बाबा हट्टी आहेत.”