महाराजांचं ताट

ओबा महाराजांना ताप आला त्या दिवसापासून राजवाड्याचं दार बंद आहे, आणि मी इथे स्वयंपाकघरात अडकून पडले आहे. माझी लेक मोरोलाके पलीकडच्याच गल्लीत बाळंत झाली. उद्या आठवा दिवस, म्हणजे आमच्याकडे बाळाचं बारसं.

सरदार ओदोफिनांपुढे मी गुडघे टेकले. "मालक, एका दिवसापुरतं सोडा."

"असं कसं, अशाबी? महाराजांना तुझ्याच हातचं लागतं. ताट बघ, रोज चाटूनपुसून येतंय."

मग मीच डोकं चालवलं. डोक्यावर मुकुट आला तेव्हापासून महाराजांना गोगलगाय वर्ज्य आहे. माझ्या आधीच्या स्वयंपाकिणीने चुकून ती शिजवली, तर त्यांनी ताट भिरकावलं आणि तिला उभ्या उभ्या हाकललं. म्हटलं, मलाही हाकलू देत. कुटलेल्या कोनफळाच्या गोळ्याबरोबर ताडाच्या लाल तेलातला गोगलगायींचा झणझणीत रस्सा पाठवला आणि गाठोडं बांधून दाराशी बसले.

ताट परत आलं, चाटूनपुसून. मागोमाग ओदोफिन आले. त्यांच्या मिशीला ताडाचं लाल तेल लागलं होतं.

"महाराज खूश आहेत," ते म्हणाले. "उद्याही हाच रस्सा कर."

मी "बरं" म्हणाले आणि गाठोडं सोडलं.



आमच्या गावात नवा राजा ठरेपर्यंत गेलेल्या राजाला नुसता ताप असतो, आणि हे ज्याला कळलं त्याला तोवर दार उघडत नाहीत.